मासे नसलेलं पाणी

मार्को, तू सहा आठवड्यांसाठी उत्तरेला खाणीवर गेलास
तेव्हा तळघरात नुसतं पाणी होतं,
मीठ ढवळलेलं, पंचवीस अंशांवर राखलेलं,
आणि बाहेर उणे चौतीस.
मूस जॉहून समुद्र गाडीने दोन दिवस.
इथली माणसं मीठ बर्फावर टाकतात, पायरीवर टाकतात,
पाण्यात टाकणारा तू पहिलाच.

म्हणालास, बाबा, मासे शेवटी.
आधी ह्यात काहीतरी कुजू दे.
मी एक कोळंबी सोडली, दुकानातली, गोठवलेली.
तिसऱ्या दिवशी ती फुगली,
पाचव्या दिवशी कडांनी विरू लागली,
आणि वास जिना चढून वर आला.

तुझ्या वहीत लिहिलेलं:
आठ थेंब ह्या बाटलीतले, आठ त्या,
पाच मिनिटं थांबून रंग कार्डाशी ताडायचा.
पिवळा असेल तर बरं, हिरवा असेल तर विष.
विसरलास ना?
ह्याच डोळ्यांपायी रेल्वेने मला
एकोणिसाव्या वर्षी दारातून परत पाठवलं,
लाल दिवा कुठला नि हिरवा कुठला
सांगता येईना म्हणून.
मग पस्तीस वर्षं धान्याच्या कोठारात गव्हाची धूळ खाल्ली.
डबे भरले हजारो.
हलवला एकही नाही.

तर नळी हातमोज्यात, अंगठ्याच्या कप्प्यात खोचली
आणि अंगण ओलांडून विल्मा थॉरसनचं दार वाजवलं.
चाळीस वर्षं तिने ह्या गावाचे केस रंगवलेत.
चष्मासुद्धा न लावता तिने नळी दिव्याखाली धरली.
"हिरवा. ग्लॅडिस पेनरचा झाला होता तसा,
सोनेरी करून घेतला नि दुसऱ्याच दिवशी
पोहायच्या तलावात उतरली."

नऊ दिवस ग्लॅडिस पेनर.
मग दुसरी नळी बिघडली, जांभळी.
"हा चर्चमधल्या पुढच्या बाकावरचा," विल्मा म्हणाली.
"पण ओरेस्त, आहे काय त्या काचेत?"
काही नाही, म्हटलं.
"आणि तू रोज ह्या थंडीत?"
म्हटलं, माझी आई पिंपात कोबी आंबवायची,
वर दगड ठेवायची
आणि आम्हाला झाकण उचलू द्यायची नाही.
मुरतंय ते मुरू दे, बघितल्याने लवकर होत नाही.
विल्मा म्हणाली, "तू मात्र रोज बघतोस."

मधे वाळूवर तपकिरी साय धरली.
पुसून काढावी असं फार वाटलं.
वहीत होतं: हात लावू नका.
बसून राहिलो. पंपाचा आवाज
रात्री झोप येत नसली की बरा वाटतो,
हे तुला सांगणार नव्हतो.

चौथ्या आठवड्यात विल्मा विनिपेगला गेली,
बहिणीच्या कंबरेचं ऑपरेशन.
तीन दिवस मी नळ्या खिडकीशी धरल्या,
दिव्याशी धरल्या, पांढऱ्या बशीवर धरल्या.
तुझ्या वहीत त्या तीन रकान्यांत
"माहीत नाही" लिहिलंय.
खोटा पिवळा लिहिता आला असता.

एकोणचाळिसाव्या दिवशी ती आमच्या जिन्याने
पहिल्यांदाच खाली आली, कोट अंगात तसाच.
पहिली नळी: "पिवळी. अगदी कच्च्या गवताच्या काडीसारखी."
ती मला कशी दिसते ते मी सांगितलं नाही.
दुसरी: "निळी. ह्या आकाशाची."
म्हणजे दोन्हीकडे शून्य.
मग ती काचेला नाक लावून उभी राहिली,
रिकाम्या पाण्यापुढे, बराच वेळ,
आणि मागच्या दगडाच्या भोकातून
केसाळ, दोऱ्याएवढं काहीतरी निघालं,
वाळू चाचपली,
परत आत गेलं.
कुणी आणलं होतं त्याला? दगडातूनच आलं असणार.
सहा आठवडे ते आमचं ऐकत होतं.

आम्ही दोघंही काही बोललो नाही.

गुरुवारी तू येशील. मासे तुझे तू निवड,
मला रंग विचारू नकोस.
आणि येताना एक खुर्ची आण.
खाली एकच आहे.